सूप घेऊन ये

सोलापूरच्या पूर्व भागात शेजारणीला नुसतं "चहाला ये" म्हणून भागत नसे. "सूप घेऊन ये" असं म्हणावं लागे. सूप मांडीवरून उतरलं की त्या दिवशीच्या विड्या कमी भरायच्या, आणि विड्या कमी म्हणजे मजुरी कमी. म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका मयत सोडलं तर सगळीकडे सूप घेऊनच जायच्या. बाळंतिणीला बघायलाही.

सूप साधंच, धान्य पाखडायचं, बांबूचं. त्यात एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला कापलेली तेंदूची पानं, मधे कात्री, पत्र्याचं माप, दोरा. अम्मा रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे पाणी भरून, स्वयंपाक उरकून कात्री हातात घ्यायची. माप पानावर ठेवून, जाड शिरा टाळून तुकडा कापायचा. मग डाव्या हातावर पान, त्यावर चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, बोटांनी वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. हे करताना ती सुपाकडे बघतसुद्धा नसे. डोळे दारात, कान चुलीवरच्या डाळीकडे आणि तोंड शेजारच्या अक्काशी बोलण्यात. तोंडं मुडपायचं काम आम्हा पोरींचं. शाळेतून आलो की दप्तर खुंटीला आणि आम्ही सुपाजवळ. मराठीच्या कविता मी तिथेच पाठ केल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि बायका सुपं घेऊन बसायच्या त्या दारातल्या ओट्यावर या दोन्हींत कन्नड मिसळलेलं.

त्या ओट्यानं आमची गल्ली घडवली. भिशी तिथे, सोयरिकी तिथे, बतकम्माची गाणी तिथे, मार्कंडेयाच्या रथाची वर्गणी तिथे. मुलगी बघायला आलेली मंडळी रंगाआधी विचारायची, दिवसाला किती विड्या वळते? लहानपणी हे ऐकून मला काही वाटत नसे. पुढे फार राग येऊ लागला. आज वाटतं, त्या प्रश्नात बाईचा भाव केलेला असायचा हे खरं, पण ती कमावती आहे हेही त्यात धरलेलंच असायचं. आपापल्या घरी विड्या वळणाऱ्या हजारो बायका मोर्चाला एका हाकेत कशा जमतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. त्यांची सभा रोजच भरत होती, ओट्यावर.

वडील चादरीच्या कारखान्यात होते. खाली जेकार्डचे माग, वरच्या मजल्यावर मालकाचं कुटुंब. पूर्व भागात कारखाना म्हणजे बहुतेक वेळा असाच. या शहरात 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. गिरणीतला माणूस भोंग्यावर घराबाहेर पडे, भोंग्यावर परते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मात्र माग घरात मांडला होता. आधी हातमाग, मग यंत्रमाग, आणि त्याच्या खडखडाटात निजणारी पोरं. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तेव्हा कित्येक घरांची चूल बाईच्या सुपावर तगली.

याची किंमतही घरानंच मोजली. तंबाखूचा खकाणा अंथरुणात, पाण्याच्या हंड्यावर, तान्ह्या पोराच्या नाकात. अम्माचा खोकला पावसाळ्यात वाढे आणि उन्हाळ्यातही थांबत नसे. शिवाय घरात बसून केलं म्हणून ते काम कुणाच्या लेखी कामच नसे. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे सगळ्या मुली 'घरकाम' लिहायच्या.

शनिवारी वळलेल्या विड्या द्यायला अम्माबरोबर विडी कारखान्याच्या ब्रँचला गेल्याचं आठवतं. पंचवीस-पंचवीसची बंडलं मांडायची. तपासणारा एखादं उचलून बोटांत फिरवी, काही विड्या छाट म्हणून बाजूला टाकी. छाटीचे पैसे नाहीत आणि विडीही परत नाही. अम्मा परतताना रस्ताभर गप्प असायची. मोठेपणी एका निकालाबद्दल वाचलं आणि ती छाट मला वेगळी दिसू लागली. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्यांना कामगार मानलं होतं. तरी भविष्य निर्वाह निधी द्यायची वेळ आली तेव्हा मालकांनी, घरी बसून वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, अशी बाजू मांडली. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली. माल नाकारायचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याचा ताबा आहे, असं न्यायालयानं धरलं. ज्या छाटीनं अम्माला रडवलं, तीच ती कामगार असल्याचा पुरावा ठरली. हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्या छाटीचे पैसे पण द्यायला सांगायचं होतं की."

2006 साली सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेनं त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. त्या वसाहतीत अम्मा पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या दारातून आत गेली. गल्लीतली कुणीच शेजारी नव्हती. तिनं पहिलं काम केलं ते दाराबाहेर ओटा बांधून घेण्याचं. महिन्याभरात तिथे चार सुपं दिसू लागली, चारही वेगवेगळ्या पेठांतल्या बायकांची.

2020 च्या टाळेबंदीत सगळ्या जगाचं काम घरात आलं. मी एका खोलीतून मुलांना ऑनलाइन शिकवत होते. शेजारच्या खोलीत अम्मा रिकामी बसलेली, कारण ब्रँच बंद, पान नाही, तंबाखू नाही. आयुष्यात प्रथमच तिचं घर फक्त घर होतं आणि ती त्यात अस्वस्थ फिरत होती.

आणि 18 मे 2025 ची पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. मालकाचं कुटुंब आणि कामगाराचं कुटुंब, दोन्ही त्याच इमारतीत राहत होती. गेलेल्यांत तान्हं मूलही होतं. ती बातमी वाचताना मला वडिलांच्या कारखान्याचा अरुंद जिना दिसत होता. सूत, कापूस, वीज आणि झोपलेली माणसं एका छपराखाली ठेवण्याचा रिवाज आम्ही फार काळ चालवून घेतला आहे.

म्हणून माझं मत पक्कं झालंय. काम घराजवळ हवं, पण उशाशी नको. बाईला दूरच्या कारखान्यात धाडलं तर तिचं पोर, तिची म्हातारी सासू आणि तिची मजुरी, तिन्ही अडतात. एकेकटीला खोलीत कोंडून वळायला लावलं तर खकाणा घरात राहतो आणि ओटा सुटतो.

कुंभारीलाच रे नगर ही कामगारांसाठीची तीस हजार घरांची वसाहत योजली गेली. जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पंधरा हजारांचं लोकार्पण झालं. विडी, यंत्रमाग, शिलाई करणारी माणसं तिथे राहायला येताहेत. अशा वसाहतींचे नकाशे काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. शाळा, दवाखाना, बसथांबा दाखवता, तसं गल्लीगणिक एक हवेशीर, छप्पर असलेलं, विजेची सोय असलेलं सामायिक कामाचं ठिकाण नकाशात दाखवा, आणि ते कुठे असावं हे आधी तिथल्या बायकांना विचारा.