दप्तरातली जादा चड्डी

चि. दोस्तास,

तुझ्या फाइलवर ‘ऑपरेशन यशस्वी’ असं लिहिलेलं आहे आणि तुझ्या दप्तराच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, एक जादा चड्डी असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीबद्दल मोठी माणसं पेढे वाटून मोकळी झाली. दुसरीबद्दल घरात कुजबुजतात, शाळेत खिदळतात, आणि तुझ्याशी मात्र कुणी धड बोलत नाही. तू आता दहा वर्षांचा झालास, तुला सगळं कळतं. म्हणून हे पत्र तुला. उघडं एवढ्याचसाठी ठेवलंय की तुझ्या बाईंनी आणि तुझ्या आत्यानेही ते वाचावं.

आधी काय झालं ते. तू आईच्या पोटात असताना, साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात, आतड्याला चालवणाऱ्या मज्जापेशी वरून खाली सरकत येत होत्या. तुझ्या बाबतीत त्या शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत. जिथवर पोचल्या तिथवरचं आतडं नीट चालतं. त्याच्या खालचं आखडून बसतं, सैल पडतच नाही, आणि शी अडते. जन्मल्यावर दोन दिवसांत बाळाला काळी, चिकट शी व्हायला हवी. तुला झाली नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हिरवी उलटी झाली. साधारण पाच हजार बाळांत एखाद्याला असं होतं, आणि मुलींपेक्षा मुलांना जवळपास चौपट. आईने ग्रहणात काय चिरलं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. (हे वाक्य तुझ्या आजीसाठी.)

तुझ्या आजाराला कोपनहेगनच्या एका बालरोगतज्ज्ञाचं नाव आहे, हराल्ड हिर्शस्प्रुंग. माणूस तुला आवडला असता. त्यांच्या इस्पितळात डेन्मार्कच्या राणीला प्रत्येक खाटेवर बायबलमधलं वचन हवं होतं, आणि यांनी प्राण्यांची चित्रं लावायचा हट्ट धरला, असं सांगतात. १८८६ साली बर्लिनमध्ये त्यांनी दोन बाळांची हकिगत मांडली. दोघांचंही मोठं आतडं अफाट फुगलेलं होतं, आणि दोघंही दगावली होती. डॉक्टरांना वाटलं, फुगलेला भाग आजारी. खोट होती त्याच्या खालच्या, वरवर साध्या दिसणाऱ्या अरुंद भागात. हे नीट उमगून त्यावर ऑपरेशन सापडेपर्यंत १९४८ उजाडलं. बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी मज्जापेशी नसलेला तुकडा काढून टाकला आणि वरचं चांगलं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडलं. पद्धती पुढे बदलल्या. १९९८ मध्ये तर मेक्सिकोच्या सर्जननी पोट न उघडता, सगळं खालच्या वाटेनेच करता येतं हे दाखवलं. पण मूळ कल्पना तीच राहिली. तुझंही तेच झालं, फक्त दोन टप्प्यांत. पोटावर डावीकडे जो व्रण आहे ना, तिथून काही महिने तुझी शी पिशवीत येत होती.

आता मुद्द्याचं. ऑपरेशनने शीची वाट मोकळी केली. पण शी धरून ठेवणं आणि वेळेवर सोडणं हे वेगळंच काम आहे, आणि ते सुरीने होत नाही. इतरांच्या पोटात गुदद्वाराच्या वर शी साठवायची एक ऐसपैस जागा असते. ती भरली की आतला स्नायू आपोआप थोडा सैल पडतो, खालच्या नाजूक अस्तराला कळतं की आत वारा आहे, पातळ आहे की घट्ट, आणि मग माणूस ठरवतो, आत्ता की नंतर. तुझी साठवणीची जागा ऑपरेशनमध्ये बरीचशी गेली. तिच्या जागी वरचं आतडं आलं, ज्याला साठवायची सवय नाही, पुढे ढकलायची आहे. गच्चीवरची टाकी काढून मोटारीचा पाइप थेट नळाला जोडल्यासारखं झालं. मोटार सुरू झाली की पाणी येणार, तुझी बादली खाली असो वा नसो. आणि आतला जो स्नायू आपोआप सैल पडायला हवा, तो अजूनही तसा पडत नाही, कारण त्याच्या मज्जापेशी मुळातच नव्हत्या. म्हणजे एकाच पोटात शी अडण्याचं कारणही आहे आणि निसटण्याचंही.

इथेच मोठ्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. खराब झालेली चड्डी दिसायला सारखीच, पण तिच्यामागे एकमेकांच्या अगदी उलट दोन गोष्टी असू शकतात. कधी आतडं फार पळतं आणि पातळ शी थांबतच नाही. तर कधी आत खडे साचून राहतात आणि त्यांच्या बाजूने पातळ पाणी झिरपत बाहेर येतं. घरच्यांना पातळच दिसतं. मग ते पोट साफ व्हायचं औषध बंद करतात, भात-केळं सुरू करतात, खडे आणखी साचतात आणि चड्डी दिवसातून चारदा बदलावी लागते. एखादी शेजारीण एरंडेल सुचवते, दुसरी डाळिंबाची साल. दोघींचाही हेतू चांगला असतो. पण कारण ठरवायला पोट चाचपावं लागतं, आतून तपासावं लागतं, एक साधा एक्स-रे काढावा लागतो. साचलं असेल तर एनिमाने एकदा सगळं रिकामं करून मग नेमाने औषध, पळत असेल तर घट्ट करणारं औषध आणि खाण्यात बदल. औषधांची अदलाबदल झाली तर तुझे हाल दुप्पट. शिवाय साचतंय तर का साचतंय, हेही बघावं लागतं. जोडाची जागा आकसली का, मज्जापेशी नसलेला एखादा भाग मागे राहिला का, की नुसता तो आतला स्नायूच आवळून बसलाय. शेवटचं असेल तर तिथे बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन तो काही महिने सैल करता येतो. (हो, तेच बोटॉक्स. नट-नट्या चेहऱ्यावर टोचून घेतात ते.)

या कशातही तुझा आळस नाही. ‘एवढा घोडा झाला तरी कळत नाही?’ असं आत्या म्हणते तेव्हा उत्तर असं, की खरंच नाही कळत. थोडंसं निसटलं तर जाणीव होत नाही, आणि सततचा वास आपल्या नाकाला येईनासा होतो. वर्गातल्या पोरांना तो येतो, तुला येत नाही, हे ढोंग नव्हे. तू खराब चड्ड्या माळ्यावर जुन्या गाद्यांमागे कोंबून ठेवतोस, हेही मला माहीत आहे. ओरडा खाण्यापेक्षा ते सोपं वाटतं. आईला मी सांगितलंय की बाथरूममध्ये झाकणाची एक बादली ठेवायची, चड्डी त्यात टाकायची, आणि त्यावर चर्चा नाही.

तुझ्या हातात काय आहे? जेवण झालं की पोटात एक लाट उठते, ती सगळ्यांच्याच पोटात उठते. तिचा फायदा घ्यायचा. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की पाच-दहा मिनिटं बसायचं, लागो न लागो. उकिडवं बसायचा संडास असेल तर उत्तमच. कमोड असेल तर पायाखाली पाट घे. पाय लोंबकळत असले की जोर लागत नाही. मोबाइल बाहेर ठेवायचा. एका वहीत रोज लिहायचं, किती वेळा झाली, कशी झाली, चड्डी कोरडी राहिली का. या वहीवरून मला जितकं कळतं तितकं पुष्कळ तपासण्यांतूनही कळत नाही. एवढं करूनही नाही जमलं, तर रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन दिवसभर चड्डी कोरडी ठेवता येते. पोटावर बेंबीपाशी बारीक छिद्र करून तिथूनच पाणी सोडायची सोयही असते. तू ते कमोडवर बसून स्वतःचं स्वतः करू शकशील.

वय वाढतं तसं बऱ्याच मुलांचं सुधारतं. कारणं दोन, आतडं रुळतं आणि मूल आपल्या पोटाच्या खोड्या ओळखायला शिकतं. सगळ्यांचं पूर्ण सुधारत नाही, हेही तुला सांगितलं पाहिजे. खोटी आशा लावून तुला दहावीपर्यंत नेणं मला पटत नाही.

बाईंना एक विनंती. ‘मधल्या सुट्टीत जा’ हे उत्तर या मुलासाठी नाही. त्याने हात वर केला की त्याला सोडावं, कारण न विचारता. आणि शाळेचा एक तरी संडास असा हवा, ज्याला आतून कडी आहे, नळाला पाणी आहे आणि ज्याची किल्ली शिपाईमामांकडे शोधत फिरावं लागत नाही. पोरं ‘हगऱ्या’ म्हणतात, ते वर्गात सगळ्यांसमोर काढू नका. त्याने ते दुप्पट होतं. दोघा-तिघांना बाजूला घेऊन सांगितलं तर बहुतेक पोरं ऐकतात. सहलीला त्याला नेऊ नये असं सुचवू नका. आदल्या रात्री पोट रिकामं करून तो येईल.

आणि तू एक गोष्ट मात्र लपवायची नाहीस. पोट अचानक फुगलं, ताप आला, घाण वासाची पातळ शी सुसाट होऊ लागली, अंगात त्राण नाही, तर त्याच दिवशी इस्पितळात यायचं, रात्र असली तरी. हा आतड्याचा संसर्ग असू शकतो, तो ऑपरेशननंतरही होतो आणि घरी बसून बरा होत नाही. आई नसेल तर शेजाऱ्यांना सांग.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा वही घेऊन ये. आईला पहिली पाच मिनिटं बाहेर बसवू, आणि तुला जे तिच्यासमोर विचारायचं नाही ते तू विचार. मागच्या खेपेला दारातून मागे वळून ‘पोहायला गेलो तर चालेल का?’ एवढंच विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता पळालास. चालेल. आधी बसून ये, पोट रिकामं कर, आणि मग जा.

तुझा,
सर्जनकाका