ठेचलेले नख

वरवंटा निसटून अंगठ्यावर आला, आणि नखाखाली साकळलेल्या रक्ताने जो ठणका मांडला त्याने त्या रात्रीच्या निद्रेचा पुरता बंदोबस्त केला. थंड पाण्याच्या घड्या व उशीवर उंच ठेवलेला पाय यांनी तो शमला; आता उरला आहे तो जांभळट-काळा डाग आणि टोकाशी सुटू लागलेले नख, जे ओढून काढण्याची शिफारस समाचाराला येणारा प्रत्येक हितचिंतक मोठ्या अधिकाराने करतो. मी ती दप्तरी दाखल करतो, अंमल मात्र करीत नाही. कारण खालची कोवळी, हुळहुळी त्वचा उघडी पडण्यापेक्षा जीर्ण नखाचे छत्र तिच्यावर असलेले बरे. साबणाच्या पाण्याने अंगठा धुवावा, कोरडा टिपावा, व्हॅसलीनचे बोट फिरवून सैल पट्टी बांधावी आणि मोज्याच्या धाग्यात अडकणारी कड तेवढी कातरावी, एवढाच सध्याचा नित्यक्रम. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम त्याच्या निम्म्याने. सबंध अंगठ्याचे नख नवे येण्यास १२ ते १८ महिने लागतात, आणि निसर्गाच्या या कारभारात तगाद्याचा उपयोग नाही. पू धरला वा लाली वर चढू लागली, तर डॉक्टरांकडे तातडीने वर्दी द्यावीच लागेल. मधुमेह्याने तर तेवढीही वाट पाहू नये. तूर्त बुटांना रजा आणि चपलांना मुदतवाढ दिली आहे.