इंजिन ओरडतंय, ओरडू दे

गाडी रेस करून काटा पार लाल पट्ट्यापर्यंत नेला तर इंजिनाची वाट लागते का हो? चारचाकी घेतलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याची दोनच उत्तरं मिळतात. एक, "इंजिन बसेल!" आणि दुसरं, "काही होत नाही रे, दाब!" दोन्ही अर्धीच बरोबर.

आधी बिचाऱ्या इंजिनाला त्रास कशाचा होतो ते बघू. स्विफ्टमध्ये बरीच वर्षं जे १२०० सीसीचं चार सिलिंडरवालं पेट्रोल इंजिन यायचं, ते घ्या. त्यात पिस्टन ७१.५ मिलिमीटर खाली जातो, तेवढाच वर येतो. ६००० आरपीएमला हे सेकंदाला शंभर वेळा! म्हणजे सेकंदात दोनशे वेळा थांबायचं आणि उलटं पळायचं. वरच्या टोकाला त्याला परत फिरवताना गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पटीपेक्षा जास्त त्वरण लागतं. गंमत अशी की हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. आरपीएम दीडपट केला की ताण सव्वादोन पट. लाल पट्टा तिथे रंगवलाय तो यासाठी.

पण हे कंपनीवाल्यांना तुमच्या-माझ्याआधी माहीत असतं. हीच इंजिनं ते टेस्ट बेंचवर फुल थ्रॉटलवर शेकडो तास पळवतात. शिवाय आजकालच्या गाड्यांत लिमिटर असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एक साधी इफ कंडिशन. आरपीएम अमुक एका आकड्याच्या वर गेला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो, काटा तिथेच थुईथुई नाचतो. तेव्हा इंजिन गरम आहे, ऑइल पातळीवर आहे आणि ओव्हरटेक करताना काटा दोन सेकंद वर गेला... काहीही होत नाही. पेट्रोल जास्त जळतं, बस. रोज तासन् तास तसंच चालवलं तर झीज लवकर होणार, पण ते काय, चपलेचंही होतं.

सकाळी गाडी सुरू केल्या केल्या पार्किंगमध्ये व्रूम व्रूम करणारे मात्र खरंच नुकसान करतात. ऑइल थंड आणि घट्ट असतं, पिस्टन-सिलिंडरमधल्या फटी अजून हव्या तशा झालेल्या नसतात. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी ऑइल मागेच असतं. पाच-दहा मिनिटं सबुरीने चालवा की राव.

आणि त्या इफ कंडिशनला एक मागचं दार आहे. लिमिटर फक्त इंधन तोडू शकतो. चाकांनीच इंजिनाला फिरवलं तर तो काय करणार? समजा पाचव्या गिअरमध्ये काटा ३००० वर आहे, तुम्हाला चौथा टाकायचाय, पण हात जरा जास्त डावीकडे गेला आणि पडला दुसरा. दुसऱ्यात इंजिन त्याच वेगाला साधारण अडीच पट फिरतं. क्लच सोडला की काटा ७५०० कडे! व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या वेगाने व्हॉल्व्ह मिटवू शकल्या नाहीत तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन येऊन त्यांना धडकतो. तेव्हा 'इंजिन बसेल' म्हणणारे जिंकतात.

असो. हे सगळं लिहिण्याचं खरं कारण आमचे बाबा. आवाज वाढला की इंजिन मरतंय, ही त्यांची श्रद्धा. पेणला आत्याकडे जाताना खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरायला लागलं की गाडी न्यूट्रल. मी दुसरा टाकला की लगेच, "अरे केवढी ओरडतेय! उतारावर कशाला पेट्रोल जाळतोस?" मागे आई आणि माझी लेक बसलेली.

बाबांचं आयुष्य गेलं प्रीमियर पद्मिनीत. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते चूक नव्हते. गिअरमध्ये उतरतानाही कार्ब्युरेटर पेट्रोल सोडत राहायचा. आता उलटं झालंय. गाडी गिअरमध्ये आहे आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलाय, तर इंजेक्टर पूर्ण बंद. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच.

पण पेट्रोल गेलं खड्ड्यात, मला भीती ब्रेकची. माणसं धरून १३०० किलोची गाडी तिथे साधारण ५०० मीटर खाली येते. हिशेब केला, पावणेदोन युनिट वीज होते. दोन किलोवॉटचा गीझर जवळपास तासभर! न्यूट्रलमध्ये ही सगळी उष्णता प्रामुख्याने ब्रेकमध्ये जाते, आणि ब्रेक फार तापले की पायाखाली पेडल असतं पण गाडी थांबत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ ट्रकने डझनावारी गाड्या चिरडल्या, तेव्हा पोलिसांच्या प्राथमिक तपासात हेच आलं होतं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद. इंजिन बंद केलं तर आणखीच वाईट, ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते.

आणि ती ओरड किती? दुसऱ्यात ताशी ४५ ला काटा तीन-साडेतीन हजारांवर. लाल पट्टा कुठे, हा कुठे!

हे सगळं बाबांना कागदावर आकडे मांडून दाखवलं. "अहो बाबा, निदान काटा तरी बघा." त्यांनी कागद नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला. हल्ली ते घाट दुसऱ्यात उतरतात. फक्त खंडाळा आलं की रेडिओचा आवाज वाढवतात.