विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आम्हां बहीण-भावांस पाठ्यपुस्तकातून चांगली परिचित होती. तिचा अर्थ लिहून आम्ही परीक्षेत गुणही मिळविले होते. परंतु घरची माणसे प्रवासास निघाली म्हणजे ते बिऱ्हाड नेमके कोणाच्या पाठीवर बसते, हा प्रश्न आम्हांला कोणत्याही परीक्षेत विचारला गेला नव्हता. तो आमच्यापुढे उभा राहिला मे २०२४ च्या सुटीत, बेळगावापासून हजारो मैल दूर, भूमध्य समुद्रातील एका चिमुकल्या बेटावर.

आमचे काका नोकरीनिमित्त जर्मनीत म्युनिक शहरी राहतात. त्यांच्याकडे तीन आठवडे राहावयाचे, एवढाच बेत करून आई, बाबा आणि आम्ही दोघे घरून निघालो होतो. पण तेथे गेल्यापासून पावसाने नुसती झड धरली होती. एका सोमवारी संध्याकाळी काका कचेरीतून आले ते हसतच. त्यांना अकस्मात रजा मिळाली होती. काकूंना मात्र रजा मिळण्यासारखी नव्हती. “तुम्ही जाऊन या, मी पुढच्या खेपेस येईन,” असे त्यांनीच आग्रहाने सांगितले. रात्री जेवणे होईपर्यंत माल्टा बेटावरील सहा दिवसांची सहल ठरली आणि बुधवारी सकाळी आम्ही विमानात बसलोही! जर्मनीसाठी मिळालेल्या प्रवेशपरवान्यावर शेंगेन करारातील इतर देशांतही जाता येते, आणि माल्टा २००७ पासून त्या करारात आहे. म्हणून ही घाई साधली.

इतक्या ऐन वेळी ठरविलेली सहल महाग पडेल, असे आम्हांला वाटले होते. घडले उलटेच. काकांनी त्याचे कारण समजावून दिले. किनाऱ्यावरील रिकामी खोली उद्यासाठी शिल्लक ठेवता येत नाही. आजची रात्र सरली की तिचे मोलही सरले. म्हणून अखेरच्या दोन-तीन दिवसांत काही सहली निम्म्या दरात निघतात. आमच्या मंडईत दिवेलागणीच्या वेळी कोथिंबिरीची जुडी स्वस्त होते, तोच हा न्याय.

काकांनी घेतलेली जागा म्हणजे हॉटेल नव्हे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड. “हॉटेलच्या जेवणाचा खर्च वाचेल,” काका म्हणाले. “आणि घरचे जेवण मिळेल!” बाबांनी आनंदाने जोड दिली. आम्ही तर समुद्राच्या नावानेच उड्या मारल्या. आईनेही मान डोलाविली आणि लगोलग ती तूरडाळ, गोडा मसाला, हिंग, पोहे यांच्या पुड्या बांधावयास बसली. घरचे जेवण म्हणजे कोणीतरी घरी थांबून केलेले जेवण, हा साधा अर्थ त्या क्षणी आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आला नाही.

माल्टा हा देश सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या बेळगाव जिल्ह्यात असे चाळीस देश सहज मावतील. वरून पाहता सारे बेट मधाच्या रंगाचे दिसते, कारण तेथील घरे तेथल्याच पिवळसर चुनखडीच्या दगडाची. बारमाही वाहणारी नदी तेथे एकही नाही. आमचे बिऱ्हाड बुजिब्बा नावाच्या किनाऱ्यावरील गावी होते. तेथे आपल्या गोव्यासारखी वाळू नाही. सपाट खडक थेट पाण्यात उतरतात आणि पोहणाऱ्यांसाठी त्यांना लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. समोर सेंट पॉलच्या नावाचे एक बेट दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्या संताचे जहाज याच उपसागरात फुटले, असे तेथील लोक परंपरेने मानतात. मे महिन्यात पाणी चांगलेच थंड असते; पहिल्या बुडीत आमचे दात वाजू लागले. पण निळाई अशी, की बाहेर निघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही वॅलेटा ही राजधानी पाहिली. १५६५ साली तुर्कांच्या प्रचंड आरमाराने माल्टास वेढा घातला होता. तेथील सेंट जॉनच्या सरदारांनी तो चार महिने झुंजून परतवून लावला आणि पुढील वर्षी हे तटबंदीचे नगर वसविण्यास आरंभ केला. १५६५ हा आकडा ऐकताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. तालिकोटच्या लढाईचे सालही तेच! एका टोकास एक बलाढ्य राजधानी उद्ध्वस्त होत असता दुसऱ्या टोकास एक नवी राजधानी जन्मास येत होती. पुराणवस्तुसंग्रहालयात आम्ही एक दगड पाहिला. त्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणी मासे कोरून ठेवले आहेत. तो दगड सापडला तो आमच्याच बुजिब्बा गावातील एका प्राचीन मंदिरात.

हे सारे आम्ही संध्याकाळी आईला रंगवून सांगितले. सांगावे लागले, कारण आई आमच्याबरोबर नव्हती. सकाळी डबा भरून देता देता ती म्हणाली होती, “तुम्ही या जाऊन. भांडी पडली आहेत, आणि रात्रीची काही तयारी नाही.”

त्या स्वयंपाकघराचे वर्णन केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दोन पातेली, एक बोथट सुरी, काट्यांचा मोठा जुडगा, काचेसारखी सपाट विजेची शेगडी. पोळपाट नाही, लाटणे नाही, कुकर नाही. आई रिकाम्या बाटलीने पोळ्या लाटी आणि अंडी तळावयाच्या तव्यावर त्या भाजी. पाच माणसांचे दोन वेळचे जेवण, दोनदा चहा, मधला खाऊ. खिडकी होती, पण ती समुद्राकडे नव्हे, तर इमारतीच्या मधोमध हवेसाठी सोडलेल्या अरुंद चौकात उघडत होती. तेथून समोरच्या बिऱ्हाडाची भिंत दिसे आणि वर एक हातभर आकाश.

शुक्रवारी साडेचारच्या सुमारास आम्ही पोहून परत आलो. बेळगावात तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि आजीचा फोन आला होता. आईने तो ओट्यावर टेकवून ठेवला होता आणि ती कांदा चिरीत होती. आजीने विचारले, “काय गं, तिकडचा समुद्र कसा आहे?”

“छान आहे, असे म्हणतात,” आई सहज म्हणाली.

पलीकडे आजी क्षणभर गप्प राहिली आणि मग हसू लागली. “मी एकदा गोकर्णाला गेले होते बघ. बारा माणसांचा गोतावळा. परत आल्यावर शेजारणीने विचारले, समुद्र कसा होता? मी म्हटले, स्टोव्ह चांगला पेटत होता.”

दोघीही मनापासून हसल्या. आम्ही मात्र ओले टॉवेल खांद्यावर तसेच घेऊन दारात उभे होतो, आणि आम्हांला हसू आले नाही. बाबा आमच्या मागे उभे होते. त्यांनीही ते ऐकले होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या आईचे माहेर गोव्यात, पेडणे तालुक्यात आहे. समुद्राच्या वाऱ्यात वाढलेली ही मुलगी लग्न होऊन घाटावर आली आणि वर्षातून एखादा दिवस सोडला तर पुन्हा समुद्रास दुरावली. आमच्या पाचांत समुद्राची खरी ओढ कोणाला असेल तर ती तिला होती. आणि तीन दिवस समुद्रापासून दोनशे पावलांवर राहून तिने तो डोळे भरून पाहिला नव्हता. तिने तक्रार केली नाही, हे खरे. पण तक्रार नाही म्हणजे इच्छाही नाही, असा हिशेब आम्ही परस्पर मांडून मोकळे झालो होतो.

त्या रात्री कोणी कोणाला दोष दिला नाही. बाबांनी एक कागद घेतला, त्यावर रेघा मारल्या आणि उरलेल्या दिवसांचे पाळीपत्रक तयार केले. चहा बाबांचा, स्वयंपाक काका व बाबा यांचा, भाजी चिरणे व भांडी आमची. आईच्या नावापुढे त्यांनी काहीच लिहिले नाही. आई म्हणाली, “तुम्हांला जमायचे नाही. उगीच सुटीचा खोळंबा.” काका उत्तरले, “वहिनी, जमत नाही म्हणूनच करू द्या.”

आणि खरोखरच जमले नाही! शनिवारी सकाळी बाबांनी केलेला चहा कोणाच्याही घशाखाली उतरेना. तो चक्क खारट लागत होता. माल्टात नद्या नसल्याने समुद्राचे पाणी गोडे करून नळास सोडतात. हे नळाचे पाणी म्हणजे त्या गोड्या केलेल्या पाण्याचे आणि भूगर्भातील खारसर, जड पाण्याचे मिश्रण असते. म्हणून पुष्कळ लोक पिण्यासाठी बाटलीतले पाणी आणतात. दुपारी काकांनी डाळ शिजत टाकली. दोन तास झाले तरी दाणा दाण्यास ओळख देईना. जड पाण्यात डाळ मऊ होत नाही, हे विज्ञान आम्हांला उपाशीपोटी शिकावयास मिळाले. आई इतके दिवस दोन्ही कामांस न बोलता बाटलीतले पाणी वापरीत होती. अखेर आम्ही कोपऱ्यावरून पाव आणले, त्यावर पिकलेले टोमॅटो चोळले, ऑलिव्हचे तेल आणि मीठ घातले. तेथील कष्टकऱ्यांची ही जुनी न्याहारी आहे. आपल्या चटणी-भाकरीची सख्खी बहीणच म्हणावी. जेवण झाले, कोणी उपाशी राहिले नाही.

तोवर आई कोठे होती? ती किनाऱ्यावरील बाकावर होती. प्रथम ती दर थोड्या वेळाने उठून येई आणि दारातून विचारी, “मीठ सापडले का?” आम्ही तिला परत पाठवीत असू. तिसऱ्या खेपेनंतर ती आली नाही. जेवावयास बोलावण्यासाठी गेलो तेव्हा ती खडकावर पाय पाण्यात सोडून बसली होती, आणि तिच्या शेजारी एक माल्टी आजीबाई होत्या. दोघींचे संभाषण मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालले होते. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, पण ती रोमन लिपीत लिहितात. इतक्या लहान देशाने ती शाळेत, कचेरीत आणि घरात निगुतीने जपली आहे. आजीबाईंनी आईला काही शब्द शिकविले होते. पुस्तकाला ‘क्तीब’, जगाला ‘दिन्या’, साबणाला ‘सापून’. “किताब, दुनिया आणि साबण!” आई लहान मुलीसारखी आनंदून म्हणाली, “शब्दही पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरतात, नाही?”

रविवारी काय पाहावयाचे, हे आम्ही आईला विचारले. किल्ले होते, गुहा होत्या, मासळीबाजार होता. आई म्हणाली, “येथे जवळ मिठागर आहे, असे त्या आजीबाई सांगत होत्या. मला ते पाहावयाचे आहे.”

सलीना नावाच्या उपसागराच्या काठी ती मिठागरे आहेत. सरदारांच्या काळापासूनची, चारशे वर्षांहून अधिक जुनी. आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेलो. उथळ चौकोनी वाफ्यांत पाणी आरशासारखे पसरले होते. आई काठावर उभी राहिली आणि बोलू लागली. इतके बोलताना आम्ही तिला क्वचितच ऐकले असेल. आपल्या गोव्यातील आगरे मातीची असतात, येथे दगडी आहेत. तेथे भरतीचे पाणी ‘मानस’ नावाच्या लाकडी दारातून आत घेतात, ओहोटीस दार बंद करतात. येथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर, म्हणून भरतीच्या भरवशावर मिठागर चालत नाही. तेथे पहिल्या पावसाबरोबर मिठाचा हंगाम बुडतो. येथे उन्हाळा कोरडा, त्यामुळे मीठ त्याच दिवसांत पिकते. हे सारे सांगून तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लाविले आणि म्हणाली, “हा समुद्र आपल्यापेक्षा खारट आहे.”

काकांना ते खरे वाटेना. पण ते खरेच आहे. महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर भूमध्य समुद्राच्या पाण्यात ३८ च्या आसपास. ऊन जितके पाणी उडवून नेते तितके नद्या व पाऊस भरून देत नाहीत, आणि महासागराशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद. जे आम्ही नंतर पुस्तकात वाचले, ते आईच्या जिभेने तेथेच सांगितले होते. आमची आई मिठाविषयी एवढे जाणते, हे आम्हांला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. कारण ती रोज आमच्या ताटात मीठ वाढीत होती, आणि आम्ही कधी विचारलेच नव्हते.

सोमवारी आम्ही परतलो. विमान उडाल्यावर आई खिडकीशी बसली होती; ती जागा आमच्या हट्टाची, पण त्या दिवशी आम्ही ती मागितली नाही.

वाचकहो, त्यानंतर आमच्या घरी सारे बदलले, असे लिहिले तर ते असत्य होईल. बाबांनी तो पाळीपत्रकाचा कागद बेळगावास आणून स्वयंपाकघरात चिकटविला. जून-जुलैत तो नीट पाळला गेला. गणेशचतुर्थीच्या धांदलीत तो फळीमागे पडला आणि चार आठवडे कोणाच्या लक्षातही आले नाही. आई काही बोलली नाही. ती बोलत नाहीच. मग एके दिवशी शेजारच्या काकूंनी तिला विचारले, “तुमच्या त्या बेटावरचा समुद्र कसा होता हो?” आम्ही अभ्यास थांबवून कान टवकारले.

“खारट होता,” आई म्हणाली, “फार छान होता.”

आम्ही उठलो, फळीमागचा कागद काढला, झटकला आणि पुन्हा भिंतीला लाविला.