वर्गणीदारांची यादी

वडिलांच्या पश्चात त्यांचा संगणक मोडीत घालण्यापूर्वी आतली हार्ड डिस्क आम्ही काढून घेतली. दाजीबानपेठेत तुळजाभवानीचे दर्शन घेऊन एन्क्लोजर शोधू लागलो. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा निराळा अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही, हे दुकानदाराकडून कळले.

घरी जोडताच वडिलांच्या आवाजातली भजने निघाली. शेजारीच देवळाच्या वर्गणीदारांची नावे, पत्ते, खातेक्रमांक! भजने उतरवून घेतली. यादी मात्र लोकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव. नुसते ‘डिलीट’ करणे म्हणजे पोथीची अनुक्रमणिका फाडणे. पाने शाबूतच राहतात. म्हणून सबंध डिस्कवर शून्ये लिहावयाचे ठरविले. तबकडीच्या डिस्कला असे एक आवर्तन पुरते. एसएसडीचा विधी वेगळा. भजनांची प्रत तीनदा पडताळली, तरी कळ दाबताना हात थबकलाच. रात्रभर डिस्क घरघरत होती.