घाई कुठे करायची?

मुलांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी काळी, पुस्तकाएवढी व्हिडिओ कॅसेट पडली आहे का? आईबाबांना विचारून पाहा. त्यात कुणाचं लग्न असेल, कुणाची मुंज असेल, नाहीतर बाबांच्या शाळेतलं स्नेहसंमेलन!

आमच्या घरी १९९४ सालची अशी एक कॅसेट आहे. माझ्या मावशीच्या लग्नाची, तीन तासांची. पंगतीत सगळ्यांनी आग्रह केल्यावर माझी आजी त्यात लाजत लाजत उखाणा घेते. आजी आता नाही. तिचा आवाज उरलाय तो त्या फितीत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्या कॅसेटची डीव्हीडी करायला घेतली.

भाच्याला भारी घाई! “आत्या, किती वेळ लागेल?”

“आधी कॉम्प्युटरवर उतरवायलाच तीन तास.”

“मग फीत पळव ना!”

पण फीत पळवली, की चित्रावर रेघा येतात आणि आवाज नीट येत नाही. ती आपल्या चालीनेच चालणार. तीन तासांचं लग्न उतरवायला तीन तासच लागतात, बरं का!

पुढचं काम गणिताचं. साध्या डीव्हीडीत ४.७ गीगाबाइट, म्हणजे ४७०० मेगाबाइट जागा असते. तिला १८० मिनिटांनी भागा. मिनिटाच्या वाट्याला साधारण २६ मेगाबाइट आले. दोन तबकड्या केल्या, तर ५२!

आम्ही आधी एकाच तबकडीवर सगळं बसवून पाहिलं. पंगतीतली आजी छान दिसली, पण वरात आली आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. असं का? डीव्हीडीत एक चित्र पूर्ण साठवतात आणि पुढच्या काही चित्रांत मुख्यतः बदललेला भागच. आजी एका जागी बसलेली, त्यामुळे बदल थोडा. वरातीत मात्र दिवे, बँडवाले, नाचणारे काका, सगळंच हलतं! तिथे जागा पुरत नाही. म्हणून मग आम्ही दोन तबकड्या केल्या.

आणखी एक युक्ती आहे. कॉम्प्युटरला चित्रफीत दोनदा तपासायला सांगायची. पहिल्यांदा तो फक्त हालचाल कुठे जास्त आहे ते पाहून ठेवतो, दुसऱ्यांदा त्याप्रमाणे जागा वाटतो. आधी सगळी प्रश्नपत्रिका वाचून मग उत्तरं लिहावीत, तसंच हे! वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण चित्र सुधारतं.

आता नीट लक्ष द्या. तबकडी बिघडली तर दुसरी करता येते. तिथे थोडी घाई चालेल. फितीचं तसं नाही. ती दर वेळी थोडी थोडी झिजते. शिवाय व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानमधली फुनाई, तिनेही २०१६ साली ते बनवणं थांबवलं. म्हणून फीत उतरवताना घाई नको. खिडकीतून आत पाहा. पांढरी बुरशी दिसली, तर कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल, तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. व्हीसीआरचं हेड मोठ्यांकडून साफ करून घ्या. आणि कॉम्प्युटरवर उतरवलेली मूळ प्रत डीव्हीडी झाली म्हणून पुसू नका.

मग शोधणार ना येत्या रविवारी? सापडली, तर आजीआजोबांना शेजारी बसवून पाहा. कोण कोण दिसतंय ते विचारा आणि ती नावं एका वहीत लिहून ठेवा. तेवढं काम कॉम्प्युटरला जमत नाही!