दाराला लावलेला कान

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका वठवण्याचा खेळ चालवणाऱ्या डीएम, म्हणजे सूत्रधार मंडळींची एक ठरलेली कुरकुर असते: खेळाडू फार घाबरट आहेत, पुढे सरकतच नाहीत. मला ती पटत नाही. काळोख्या तळघरात, मोजक्या मशाली घेऊन उतरलेला शहाणा माणूस जपूनच पाऊल टाकणार. प्रश्न असा की, त्या जपण्याचं मोल त्याच्याकडून कुणी घेतंय का?

मोल घेतलं नाही तर काय होतं, ते कुठल्याही दारापाशी पाहावं. एकजण कान लावतो, दुसरी बिजागऱ्या तपासते, तिसरा दहा फुटी काठीने उंबऱ्यापलीकडची फरशी ठोकतो. "दादा, मी फरशीवर पाणी ओतते, कुठे मुरतंय का सांग." दार उघडल्यावर आत निघते रिकामी कोठी आणि दोन फुटकी मडकी. तोवर ज्याच्या पात्राला ना कुलूप उघडता येतं ना मंत्र, तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो.

हा संशय खेळाच्या बाळपणापासूनचा. खेळ १९७४ चा. त्याच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनात 'टूम ऑफ हॉरर्स' हे थडगं खेळाडूंपुढे ठेवलं. तिथे चुकीच्या तोंडात हात घातला की पात्र संपलंच. अशा थडग्यांतून वाचलेले लोक प्रत्येक दाराला कान लावू लागले, आणि त्यावर उतारा म्हणून १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये इअर सीकर आला. लाकडात राहणारा, कान लावणाऱ्याच्या कानात शिरणारा किडा! खजिन्याच्या पेटीचं सोंग घेणारा मिमिकही त्याच पुस्तकात आहे. वाचायला धमाल, पण मी इअर सीकर कधी वापरत नाही. त्याने कान लावणं थांबत नाही. पुढच्या वेळी खेळाडू जाळी बसवलेला कर्णा घेऊन येतो, म्हणजे तपासणीत आणखी एका कलमाची भर.

खरं औषध त्याच काळातल्या रुक्ष वाटणाऱ्या नियमांत होतं. टॉम मोल्डव्हेने संपादित केलेल्या १९८१ च्या बेसिक संचात तळघरातला वेळ दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजतात. दहा फूट बाय दहा फूट जागा नीट धुंडाळायला एक टर्न. मशाल सहा टर्न जळते. दर दोन टर्नला डीएम सहा बाजूंचा फासा टाकतो. एक पडला तर फिरतं संकट हजर. तासाभरात तीन फासे, म्हणजे गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. त्यात अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्याचे मिळतात, एका नाण्याला एक. गॉब्लिन मारून पाच. वाटेत भेटलेल्याशी लढण्यात फायदा जवळजवळ शून्य, जखमा मात्र खऱ्या. मग रेंगाळायचं की नाही, हे खेळाडू आपणच ठरवतात.

यात एक पथ्य मी कसोशीने पाळतो: किंमत आधी सांगायची. सगळ्यांना दिसेल अशा कागदावर मी टर्नच्या चौकटी आखतो आणि विचारतो, "ही भिंत तपासायला एक टर्न, त्यानंतर फासा. तपासायची?" पेन्सिल चौकटीवर टेकली की चर्चा आपोआप आखडते. कुणीतरी म्हणतं, "राहू दे रे, चला." तेवढ्यात मोबाइलवाल्याला एक चौकट त्याच्या पात्राच्या मनाने वापरायला देतो.

दुसरं, सापळा लपवण्यात मी फारसं सुख मानत नाही. फरशीवर अर्धगोलाकार ओरखडे, समोरच्या भिंतीत मुठीएवढी भोकं, कोपऱ्यात मोडका बाण, एवढं न विचारता सांगून टाकतो. "सापळा आहे का?" हा प्रश्न तिथेच मिटतो आणि "पलीकडे कसं जायचं?" हा सुरू होतो. त्यावर अर्धा तास गेला तरी कुणी जांभई देत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे जरा अवघड जातं. लाइट हा मंत्र हवा तितक्या वेळा टाकता येतो, त्यामुळे मशालीचा धाक उरत नाही. घाई दुसरीकडून आणावी लागते. 'सूर्यास्तापूर्वी जग बुडणार' हे दोनदा चालतं. त्यापेक्षा त्याच खजिन्यामागे लागलेली दुसरी टोळी बरी, ती पुढे जाऊन दारं आधीच उघडून ठेवते. २०२३ च्या 'शॅडोडार्क' या खेळात मशाल आपल्या घड्याळातला खरा तासभरच जळते. युक्ती जबर आहे, पण तिथे भराभर बोलणाऱ्याचं फावतं आणि विचार करून बोलणारा मागे पडतो, म्हणून मी चौकटींवरच राहिलो.

बिजागऱ्या तपासणाऱ्या आमच्या मैत्रिणीला मात्र तपासण्यातच खरी मजा येते. तिच्यासाठी प्रत्येक तळघरात एखादी खोली अशी ठेवतो, जिचं दार आतून अडसर लावून बंद करता येतं आणि जिथे फासा पडत नाही. तिथे ती प्रत्येक वीट ठोकून बघते. बाकीचे तेवढ्यात चहा टाकतात.